कैद्याचें ताट

कैद्याच्या ताटांत काय पडतें, हा प्रश्न आमच्या सुशिक्षित घरांतून सहसा निघत नाहीं. आणि निघालाच तर रागानें निघतो. ‘प्रामाणिक माणसें अर्धपोटीं राहतात आणि चोरांना सरकार फुकट जेवूं घालतें,’ हा उद्गार ज्यानें ऐकला नाहीं असा वाचक विरळा. हा राग किती सहज पोसला जातो याचा एक दाखला पुष्कळांच्या स्मरणांत असेल. २००८ सालीं मुंबईवर झालेल्या हल्ल्यांतील आरोपी अजमल कसाब यानें तुरुंगांत बिर्याणी मागितली, अशी वार्ता घरोघर पोहोंचली व तिच्यावर मनसोक्त संताप झाला. पुढें २०१५ मध्यें त्याच खटल्यांतील विशेष सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनीं जयपूर येथें सांगितलें कीं, अशी मागणी झालीच नव्हती. कसाबविषयीं कोणास कळवळा येऊं नये म्हणून ती गोष्ट आपण रचली होती. कसाबचा अपराध किंवा त्याची फांशी यांविषयीं आम्हांस येथें कांहीं म्हणावयाचें नाहीं. आमचा प्रश्न इतकाच कीं, अशी रचलेली गोष्ट आमच्या गळीं इतक्या लवकर कां उतरली? कैद्याच्या मुखीं जाणारा प्रत्येक घांस आमच्या ताटांतून पळविलेला आहे, अशी आमची आधींचीच समजूत होती, म्हणून!

आमचें म्हणणें असें कीं, अन्नाचा न्याय आणि तुरुंगाचा न्याय हे दोन प्रश्न नसून एकच प्रश्न आहे. ज्याला आपण बाहेर भाकरी नाकारतों तोच बहुधा आंत जातो. आणि आंत गेल्यावर त्याची पायरी कोणती, हें आपण त्याला पुन्हां भाकरीनेंच दाखवितों.

प्रथम बाहेरची गोष्ट घेऊं. मुंबई राज्यानें १९५९ मध्यें भिक्षाप्रतिबंधक कायदा केला व पुढें तो दिल्लीसही लागू झाला. उपजीविकेचें साधन दिसत नाहीं आणि भिक्षेवर जगत असावा असें वाटतें, अशा स्थितींत रस्त्यांत हिंडणारा मनुष्यही त्याच्या व्याख्येंत बसत होता. शिक्षा कोणती? पहिल्या खेपेस एक ते तीन वर्षें सरकारी संस्थेंत डांबून ठेवणें, आणि पुनःपुन्हां सांपडल्यास दहा वर्षेंपर्यंत! ज्याला समाजानें भाकरी दिली नाहीं त्याला ती मागितल्याबद्दल कोंडावयाचें, आणि कोंडल्यावर तीच भाकरी सरकारी खर्चानें पुढें सारावयाची, ही नीति कोणत्या शास्त्रांतली? दिल्ली उच्च न्यायालयानें ऑगस्ट २०१८ मध्यें भिक्षेस गुन्हा ठरविणारीं कलमें दिल्लीपुरतीं घटनाविरोधी म्हणून रद्द केलीं. त्यास एकुणसाठ वर्षें लागलीं.

आतां आंत चला. सरकारी आंकडेवारीप्रमाणें २०२२ च्या अखेरीस देशाच्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसें होतीं. त्यांपैकीं ४,३४,३०२, म्हणजे शेंकडा पंचाहत्तरांहून अधिक, कच्चे कैदी होते. ज्यांना आपण ‘चोर’ म्हणून हिणवितों त्यांतील चारांपैकीं तिघांचा अपराध अद्याप सिद्धच झालेला नव्हता! १८९४ च्या तुरुंग-कायद्यानें कच्च्या कैद्यास बाहेरून अन्न आणविण्याची मुभा दिली. मुभा सर्वांस सारखी; पण डबा येतो तो ज्याच्या घरीं चूल पेटती आहे त्याचा. जो घरचा एकटा मिळविता, तो आंत गेला कीं बाहेरची चूलही थंडावते, आणि ज्यांनीं कसलाही अपराध केला नाहीं तीं त्याचीं मुलें उपाशी निजतात. या शिक्षेची नोंद कोणत्याही निकालपत्रांत होत नाहीं.

त्याच १८९४ च्या कायद्यानें तुरुंगांतील शिस्तभंगाबद्दल आहार तोडण्याची शिक्षाही सांगितली. एका वेळीं अधिकांत अधिक शहाण्णव तास. पोटावर मारणें हें तेथें नियमांत बसविलें होतें. ज्या व्यवस्थेंत अन्न हें शिक्षेचें हत्यार ठरतें, तेथें अन्नावरून हात उगारला जाणें हें नवल नव्हे. जून २०१७ मध्यें मुंबईंत भायखळ्याच्या तुरुंगांत एक स्त्री-कैदी मरण पावली. दोन अंडीं व पांच पाव कमी भरले एवढ्यावरून तिला अमानुष मारहाण झाली, असा आरोप येऊन तुरुंगाच्या सहा कर्मचाऱ्यांस अटक झाली. दोन अंडीं आणि पांच पाव!

आणि त्या अन्नास हात कोणाचा लागावा, हेंही ठरलेलें होतें. राजस्थानच्या तुरुंगनियमांत आचारी म्हणून ब्राह्मण किंवा पुरेशा उच्च जातीचा कैदी पात्र ठरे; पश्चिम बंगालच्या नियमांत अन्न योग्य जातीच्या कैद्यानें शिजवावें असें होतें, आणि झाडू कोणत्या जातींच्या हातीं द्यावा हेंही लिहिलें होतें. सुकन्या शांता या पत्रकार महिलेच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयानें ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं असे नियम घटनाबाह्य ठरविले व ते सुधारण्यास राज्यांना तीन महिन्यांची मुदत दिली. अस्पृश्यता नष्ट केल्याची घोषणा राज्यघटनेनें १९५० सालींच केली होती. तुरुंगाच्या चुलीपर्यंत ती पोहोंचावयास पाऊणशें वर्षें लागलीं.

‘मग काय कैद्यांस पंचपक्वान्नें वाढावीं?’ असें कोणी उपहासानें विचारील. पक्वान्नें कोणीच मागितलेलीं नाहींत. पुरेसें, स्वच्छ, आणि जातीवांचून व घरच्या ऐपतीवांचून सर्वांस सारखें मिळणारें अन्न, एवढेंच मागणें आहे. बाहेरचा गरीब मजुरी शोधील, शेजाऱ्याकडे हात पसरील, रानांतली भाजी खुडून आणील. कैद्याचे हे सर्व मार्ग सरकारनें स्वतः बंद केले आहेत. ज्यानें हात बांधले त्यानेंच घांस देणें हा उपकार नव्हे. तें देणें आहे. न्यायाधीश शिक्षा देतो ती स्वातंत्र्य हिरावण्याची. भुकेची शिक्षा त्यानें कधीं फर्मावलेली नसते.

राहिला प्रश्न त्या अर्धपोटीं प्रामाणिक माणसाचा, ज्याच्या नांवानें हा राग व्यक्त होतो. कैद्याची भाकरी अर्धी केल्यानें त्याच्या ताटांत चतकोरही वाढत नाहीं. उलट, कैद्याच्या अन्नास ‘फुकट’ म्हणणारी जीभच २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याखालीं मिळणाऱ्या दरडोई पांच किलो धान्यासही ‘फुकट’ म्हणते. अन्न हा हक्क कीं भीक, या एका प्रश्नाचें उत्तर दोघांसाठीं एकच असणार. तुरुंगांत तें भीक ठरलें कीं रेशनच्या दुकानांतही तें भीक ठरण्यास वेळ लागत नाहीं.

तुरुंगाची पाहणी करण्यास बाहेरचे नागरिक अभ्यागत म्हणून नेमण्याची तरतूद फार जुनी आहे. आमच्या वाचकवर्गांतीलच माणसें त्या जागीं बसतात. त्यांनीं कार्यालयांत चहा घेऊन परत न येतां स्वयंपाकघरांत जावें, पीठ आणि वजनकांटा पाहावा, आचारी कसे नेमले तें विचारावें, कैद्यांच्या पंगतीस बसून तेंच अन्न खावें, आणि जें दिसेल तें लिहून प्रसिद्ध करावें. मग कैद्यांस काय मिळतें याविषयीं ऐकीव बिर्याणीवर विसंबून राहण्याचें आम्हां कोणासही कारण उरणार नाहीं.