केबिनमधली रिकामी जागा

ट्रक ड्रायव्हर कोण, हे पूर्वी विचारावे लागत नसे. वर दुमडलेली लुंगी, तेलकट बनियन, गळ्यात गमछा आणि नखांत ग्रीस असे, की ईदच्या दिवशी शिरखुर्म्याची वाटी धरतानाही ते दिसायचे. आता जालन्याच्या एमआयडीसीत सळई भरायला उभ्या असलेल्या गाड्यांपाशी जाऊन पाहा. जीन्स, टी-शर्ट, कोरलेली दाढी, कानात ब्लूटूथ. आमच्या पालकसभेत ड्रायव्हर कोण आणि दुकानदार कोण, हे आम्हालाही चटकन ओळखता येत नाही. याचा आम्हाला आनंदच आहे. ‘लडका ड्रायव्हर है’ म्हटले की मुलीकडचे चहा संपवून उठायचे, ते पुष्कळ कमी झाले. पूर्ण थांबले असे मात्र नाही.

गाडीही बदलली. पूर्वी कारखान्यातून ट्रकची बहुधा नुसती चेसी निघायची. तिच्यावर लाकडी फळी टाकून, डोक्याला गमछा गुंडाळून ड्रायव्हर ती शेकडो किलोमीटर उघड्यावर चालवत आणायचा. केबिन नंतर सुतार आणि वेल्डर बांधत. आता केबिन कारखान्यातूनच येते आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या ट्रकला तर एसी सक्तीचा झाला आहे. मुंबईच्या जकात नाक्यावरची रांगही २०१७ मध्ये जीएसटीबरोबर गेली. (ही जकात वेगळी आणि आपली वेगळी, शब्द मात्र एकच.)

पण या बदलांत एक माणूस गेला, त्याच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. तो म्हणजे क्लिनर.

आमच्या मोहल्ल्यातले जुने ड्रायव्हर क्लिनर होऊनच या धंद्यात शिरले. पंधरा-सोळाव्या वर्षी शाळा सुटायची (शिक्षक म्हणून हे आम्ही कौतुकाने सांगत नाही) आणि पोरगा एखाद्या उस्तादाच्या गाडीवर चढायचा. टॉमीने टायर ठोकून आवाजावरून हवा ओळखणे, पावसाआधी ताडपत्री ओढून रस्सा आवळणे, गाडी मागे घेताना बाजूची फळी थोपटत ‘आने दो उस्ताद, आने दो’ म्हणणे, स्टोव्हवर खिचडी टाकणे. दोन-चार वर्षांनी रात्रीच्या मोकळ्या रस्त्यावर उस्ताद त्याच्या हातात स्टिअरिंग द्यायचा. शिव्या खाव्या लागत, मारही बसे. उस्तादी-शागिर्दीत सारे गोडच होते असे आम्ही म्हणणार नाही.

तरी क्लिनरचे सर्वांत मोठे काम कुठल्याच यादीत नव्हते. ते होते बोलत राहणे. उस्तादाची मान जराशी कलली की तो हाक मारायचा. अपघात झालाच, तर एकजण गाडीपाशी थांबे आणि दुसरा मदतीला धावे. आज भाड्याचा आणि डिझेलचा हिशेब जुळवताना मालक पहिल्यांदा क्लिनरचा पगार कापतो. बहुतेक गाड्यांवर शेजारच्या सीटवर पाण्याचा कॅन आणि चार्जर असतो.

त्यात आपल्या दाराशी समृद्धी महामार्ग आला. नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि ५ जून २०२५ पासून ७०१ किलोमीटरचा पूर्ण रस्ता सुरू झाला. जुन्या रस्त्यावर बदनापूर यायचे, गतिरोधक यायचा, बैलगाडी आडवी यायची, धाब्याची बाज दिसायची. इथे यातले काहीच नाही. रस्ता सरळ, गाडी एका लयीत, आणि वाटेल तिथे थांबायची सोय नाही. जागे ठेवणारे सगळे अडथळे गेले, तेव्हाच जागे ठेवणारा माणूसही गेला.

कायद्याला हे माहीत नाही असे नाही. २०२५ पर्यंत लागू असलेला १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती सांगायचा. पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्याला लागायचा. आपल्याकडे कितीतरी मालकांजवळ एक किंवा दोनच गाड्या असतात.

आता क्लिनरची जागा फोनने घेतली आहे, आणि त्या फोनमध्ये आपण घरचे आहोत. पूर्वी घरच्यांना खबर मिळायची ती परतलेल्या दुसऱ्या ड्रायव्हरकडून, नाहीतर एसटीडी बूथवरून. आता ‘कहाँ पहुँचे?’ दिवसातून दहा वेळा. गॅस संपला, पोराला ताप आहे, दीर असे बोलला, हे सगळे तो चालत्या गाडीत ऐकतो. क्लिनर समोरचा रस्ता बघून गप्प बसायचा. घरून बोलणाऱ्याला रस्ता दिसत नाही. भांडणाचा फोन तर गाडी उभी असतानाच करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. अल्लाहने मुसाफिराला चार रकातींच्या जागी दोनची सवलत दिली, रोजा पुढे ढकलायची मुभा दिली. आपण त्याला एका फोनची सवलत देत नाही.

आमच्या ओळखीच्या एका घरात वेगळी रीत आहे. आई स्वतःहून फोन करत नाही. मुलगा डिझेलला किंवा नमाजला थांबला की मिस्ड कॉल देतो. बोलायचे असेल तर ती तेव्हाच बोलते. कधी रात्री दोनला फोन वाजतो. ती उठते, नंबर पाहते, पाणी पिते आणि पुन्हा झोपते.