विश्रांतीची किंमत

नाताळच्या सुट्टीत कोल्हापुराहून गगनबावड्याकडे निघालेल्या मोटारींची रांग पाहिली, की सिंधुदुर्गचा किनारा हे आपल्या शहराचेच अंगण झाले आहे असे वाटू लागते. अंगणात वावरण्याचेही काही संकेत असतात. ते आपण पाळतो काय, हा प्रश्न मला गेल्या हिवाळ्यातील एका सकाळी पडला.

पक्षिनिरीक्षणासाठी विद्यार्थ्यांचा एक गट घेऊन मी मालवणजवळच्या किनाऱ्यावर उभा होतो. भरती चढत होती. रापणकर जाळे ओढीत होते आणि कुरवांचा थवा जाळ्यावर घिरट्या घालीत आपला वाटा मिळवीत होता. थोड्या अंतरावर, कोरड्या वाळूत, शे-दीडशे चिखल्या पक्षी वाऱ्याकडे तोंड करून निश्चल बसले होते. अंगाचा रंग वाळूचाच असल्याने ते प्रथम दिसलेही नाहीत. इतक्यात एक विद्यार्थी त्यांच्या दिशेने धावत सुटला. थवा उधळला, समुद्रावर वळसा घेताना पांढरी पोटे एकदम चमकली आणि आम्ही टाळ्या वाजविल्या. त्या टाळ्यांत माझेही हात होते, हे येथे नमूद केले पाहिजे.

अर्थशास्त्र शिकविणाऱ्या माणसाला या टाळ्यांची किंमत थोडी उशिराच कळावी, हे लाजिरवाणेच. पाणथळीचे हे पक्षी ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलात आणि ओल्या वाळूत किडे, शिंपले व लहान खेकडे टिपतात. भरतीने ते ताट झाकले की त्यांच्या हाती विश्रांतीखेरीज काही उरत नाही. ओहोटी ही कमाई, भरती ही बचत. यातील अनेक चिखल्यांची वीण हिमालयात व त्यापलीकडच्या उंच पठारांवर होते. वसंतात परतण्यापूर्वी अंगात साठविलेली चरबी हेच त्यांचे प्रवासभाडे. त्यांच्याच दूरच्या नात्यातील एका गॉडविट पक्ष्याने ऑक्टोबर २०२२ मध्ये अलास्कापासून टास्मानियापर्यंतचे सुमारे १३,५६० किलोमीटरचे अंतर ११ दिवसांत कोठेही न उतरता कापले. अशा प्रवासाला कर्ज मिळत नाही. गाठीशी असेल तेवढ्यावरच निघावे लागते. आपण थवा उडविला, की त्याच गाठीतील काही नाणी आपण समुद्रात फेकलेली असतात.

एका मुलाच्या धावण्याने असे काय बिघडणार, असे कोणी विचारील. एकट्याने काहीच बिघडत नाही. परंतु त्याच वाळूवर अर्ध्या तासाने दुसरे कुटुंब येते, मग मोटारसायकल येते, मग कुत्री येतात. प्रत्येकाचा आनंद स्वतःचा, खर्च मात्र पाखरांच्या खात्यावर. आणि पाखरांना तक्रार नोंदविण्याची सोय नाही. सामायिक मालमत्तेची नासाडी बहुधा अशीच होते. तीत कोणी एक अपराधी नसतो, बेरीज तेवढी असते.

याचा अर्थ घाटावरच्या माणसांनी किनाऱ्याकडे फिरकू नये, असा नव्हे. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. तेथील कित्येक घरांची चूल पाहुण्यांवर पेटते आणि ती पेटत राहिली पाहिजे. कायद्यानेही आपल्या परीने काही केले आहे. १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतच्या पट्ट्यातील बांधकामांवर निर्बंध आणले. परंतु पाखरांमागे धावणाऱ्या पावलांना कोणती अधिसूचना आवरणार? ते काम घरातील वडीलधाऱ्यांचे आणि शाळा-महाविद्यालयांतील आम्हा शिक्षकांचे आहे.

मारुती चितमपल्ली आणि डॉ. सालिम अली यांच्या जन्मदिनांना जोडून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह महाराष्ट्रात २०२० पासून शासकीय पातळीवर साजरा होतो. त्या आठवड्यात भाषणे होतात, चित्रे लागतात. परंतु पाहुणे पक्षी किनाऱ्यावर खऱ्या अर्थाने मुक्कामाला असतात ते त्यानंतरचे कित्येक महिने. आणि आपल्या सहली निघतात त्याही याच काळात. तेव्हा सहलीच्या सूचनापत्रकात डबा आणि स्वेटर यांच्या जोडीला आणखी एक ओळ असावी : बसलेल्या थव्यातील पाखरे माना उंचावून चालू लागली, की आपण जागीच थांबावे आणि मागे फिरावे. याची तालीम रंकाळ्याच्या काठीही करता येईल.

त्या सकाळी उडालेला थवा दोनदा उतरू पाहत होता. दोन्ही वेळा किनाऱ्यावर कोणी ना कोणी होतेच. शेवटी तो खाडीच्या दिशेने निघून गेला. तोवर भरती पुरती चढलीही नव्हती. येत्या हिवाळ्यात मी पुन्हा विद्यार्थ्यांना घेऊन त्याच जागी जाणार आहे. या खेपेस टाळ्या न वाजविता परत आलो, तर सहल यशस्वी झाली असे मी समजेन.