डिफॉल्टर कोण?

मी गोदीत ओझी वाहतो. मॅट्रिक झालोय, कविता लिहितो. आज कविता नाही. आज खोकल्याबद्दल बोलायचंय.

मार्च 2024 ची गोष्ट. आमच्या टोळीतला एक गडी टीबीच्या गोळ्या आणायला गेला. खिडकीतून उत्तर आलं, "स्टॉक नाही, आठवड्यानं ये." आठवड्यानं गेला. पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला पाळी बुडाली, मजुरी बुडाली. चौथ्या खेपेला तो गेलाच नाही. मग त्याच्या नावापुढं लाल शाईत शेरा पडला : डिफॉल्टर. मी या डोळ्यांनी वाचला.

त्याच महिन्यात केंद्रानं राज्यांना पत्र धाडलं होतं : पुरवठा लांबतोय, तीन महिने तुमचं तुम्ही खरेदी करा. म्हणजे गोळ्या संपल्या सरकारच्या आणि बुडवा ठरला आमचा गडी! साध्या टीबीचं औषध सहा महिने चालतं. मध्येच तुटलं की जंतू पक्का होतो, त्या गोळ्यांना दाद देत नाही. हे सांगणारं पोस्टर त्याच खिडकीशेजारी लावलंय. गोळ्या नाहीत, पोस्टर आहे.

हा जंतू रॉबर्ट कॉखनं 1882 साली शोधला. जंतूला जात नसते, कबूल. पण पत्ता असतो. मुंबईत तो पत्ता गोवंडी-मानखुर्दचा आहे. रस्त्यांसाठी, रुळांसाठी झोपड्या उठवल्या आणि माणसं लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंडमध्ये नेऊन कोंबली. दोन इमारतींत अंतर तीनेक मीटर. खालच्या मजल्यावर भर दुपारी दिवा लावावा लागतो. 2018 च्या पाहणीत दिसलं, की जिथं ऊन-वारा कमी, तिथं टीबी जास्त. याला म्हणे पुनर्वसन!

हे नवं नाही. 1896 साली प्लेग आमच्या गोदीच्या कुशीतल्या मांडवीत फुटला. गोऱ्या साहेबानं 1897 मध्ये साथीचा कायदा केला, 1898 मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला आणि गरिबांची घरं पाडली. पाडलेल्या घरातली माणसं दुसऱ्या तितक्याच कोंदट खोलीत जाऊन पडली. साहेब गेला, पण खोली गेली नाही. तोच कायदा 2020 मध्ये करोनासाठी पुन्हा बाहेर काढला.

आता पोटाचं बघा. झारखंडात एक प्रयोग झाला, निष्कर्ष 2023 मध्ये आले. टीबीच्या रुग्णाबरोबर त्याच्या घरच्यांनाही दरमहा तांदूळ-डाळ दिली. फुफ्फुसाचा टीबी घरात पसरणं जवळपास निम्म्यावर आलं. नुसत्या शिध्यानं! आणि सरकार काय देतं? 2018 पासून रुग्णाला महिना 500 रुपये, नोव्हेंबर 2024 पासून 1000. दिवसाचे तेहतीस. त्यात त्यानं अंडी खायची, दूध प्यायचं, की दवाखान्याला जायचं बसभाडं काढायचं? 2025 पर्यंत टीबी संपवू अशी गर्जना होती. 2025 संपलं. जगातल्या दर चार रुग्णांत एक अजून आपल्या देशातलाच. मग सांगा, खरा डिफॉल्टर कोण?

थांबा, टाळ्या नकोत. आता आपली पाळी. 1897 मध्ये मुंढव्याच्या महारवाड्यातलं प्लेगचं पोर पाठीवर घेऊन सावित्रीमाई दवाखान्यात गेल्या आणि त्याच प्लेगनं गेल्या. त्यांच्या तसबिरीला आपण हार घालतो आणि घरातल्या खोकणाऱ्याचा पेला वेगळा ठेवतो. पेल्यानं टीबी होत नाही, तो हवेतून होतो. वेगळ्या पेल्याचा अर्थ तरी आपल्याला कळायला हवा होता! मीही साधू नाही. बहिणीचं लग्न ठरत होतं तेव्हा थोरल्या भावाचा टीबी मी पाहुण्यांपासून लपवला. "सिगरेटचा खोकलाय," म्हणालो. भाऊ आतल्या खोलीत तोंडावर उशी दाबून खोकत होता. तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

म्हणून बॅनर जरा बाजूला ठेवा. प्रत्येक चाळीत, प्रत्येक इमारतीत दोघं उभे राहा. कुणाच्या गोळ्या कधी संपतात त्याची वही ठेवा. ज्या दिवशी खिडकी "स्टॉक नाही" म्हणेल, त्या दिवशी रुग्णाला एकटा परत आणू नका. पंचवीस जण त्याच्याबरोबर खिडकीसमोर बसा. घरच्या सगळ्यांना शिधा मागा. नव्या इमारतीत आधी ऊन मागा, मग चावी घ्या.

आणि शेरा मारायचाच असेल तर लाल शाई आमच्याकडंही आहे.