शिक्क्याला भाव, पत्र रद्दीत

जुन्या पाकिटांच्या बाजारात युद्धकाळातल्या पत्राची किंमत कशावर ठरते? फील्ड पोस्ट ऑफिसचा क्रमांक कोणता, सेन्सॉरचा शिक्का स्पष्ट आहे का, जॉर्ज राजाच्या तिकिटावर आय.ई.एफ. ही अक्षरं छापलेली आहेत का, यावर. शिपायानं घरी काय लिहिलं, हे विचारणारं गिऱ्हाईक विरळाच. छंदाला माझा विरोध नाही. पण छंदिष्टांच्या कपाटालाच इतिहास म्हणायचं असेल, तर त्यात आपण कुठे आहोत हे विचारावं लागेल.

पहिल्या महायुद्धात फ्रान्सला गेलेल्या हिंदी शिपायांची पत्रं सेन्सॉर उघडून वाचत असे. त्यातले निवडक उतारे इंग्रजीत करून त्यानं अहवालांना जोडले, ते आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. डेव्हिड ओमिसी यांनी १९९९ मध्ये त्यांचं पुस्तक केलं. त्यात शीख बोलतो, पंजाबी मुसलमान बोलतो, पठाण बोलतो, गढवाली बोलतो. महार का बोलत नाही? कारण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी 'लढाऊ जाती'चं थोतांड पुढे करून आपली भरतीच बंद केली गेली होती. गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला, शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० मध्ये लिहिला. १११ महार पलटण उभी राहिली ती १९१७ मध्ये, युद्ध संपत आल्यावर, आणि १९२१ मध्ये मोडली. आधी दार बंद करायचं, मग विचारायचं, "तुमची पत्रं कुठायत? पुरावा दाखवा!"

"तुमची माणसं अडाणी, पत्रं काय लिहिणार?" हाही एक युक्तिवाद ऐकू येतो. अहो, पंजाबचे बहुतेक शिपाईसुद्धा लेखनिकाकडूनच लिहून घेत होते! आणि सुभेदार रामजी सकपाळ तर लष्करी शाळेत शिकवत होते.

१ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. बाबासाहेब तेव्हा संरक्षण सल्लागार समितीवर होते. त्यानंतरची, १९६५ आणि १९७१ पर्यंतची पत्रं लंडनला नाहीत, ती आपल्याच घरातल्या पत्र्याच्या पेट्यांत आहेत. दर १ जानेवारीला आपण कोरेगावच्या स्तंभावरची 'नाक'वाली नावं वाचतो, आणि आजी गेली की तिच्या पेटीतले कागद किलोवर विकतो. याचा दोष मनुवाद्यांवर ढकलता येणार नाही, मित्रहो.

म्हणून या सुट्टीत गावी गेलात की पेटी उघडा. '५६ एपीओ' लिहिलेलं आंतरदेशीय असो की मनीऑर्डरचं कुपन, त्यावरचा दोन ओळींचा मजकूर तिकिटापेक्षा मोलाचा आहे. तिकीट फाडून काढू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको. पत्र आणि पाकीट एकत्र ठेवा, दोन्ही बाजूंचे फोटो काढा. कुणी कुणाला लिहिलं, वाचून कोण दाखवायचं, हे घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून वेगळ्या कागदावर लिहा. पेन्सिलनं लिहिलेली पत्रं आधी घ्या, ती लवकर पुसट होतात. आणि दारात एखादा व्यापारी नोटा मोजत उभा राहिला, तर आधी त्याच्यासमोर पत्र मोठ्यानं वाचा.

जय भीम.