घरगुती बंदूकदुरुस्ती : एक इशारा

रानडुकरे व रोही यांच्या उपद्रवामुळे पीकरक्षणार्थ परवान्याची ठासणीची बंदूक बाळगणाऱ्या मेडशीकडील बंधूंस आमची एक सूचना आहे. बंदूक असो वा रिव्हॉल्व्हर, हत्यार रिकामे असल्याची खात्री करून ते स्वच्छ करणे मालकाने अवश्य शिकावे. काळ्या दारूची राख हवेतील ओल शोषिते व नळी गंजते. म्हणून बार उडविल्या दिवशीच नळी धुवून, कोरडी करून तेल द्यावे. परंतु घोडा वा कमान बिघडल्यास कानस हाती घेऊ नये. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ अन्वये दुरुस्तीसही निराळा परवाना लागतो. कारागिराची मजुरी वाचविताना बंदुकीचा परवाना, प्रसंगी हाताची बोटेही गमवावी लागतील. विळ्यास धार घरी लावावी. बंदुकीचा घोडा मात्र परवानाधारक कारागिराकडेच न्यावा.