जाफराबादकराला निवडीचा अधिकार कधी मिळतो?

यकृताच्या कर्करोगाची गाठ लहान असतानाच हाती लागली, तर ती कापून काढावी की सुईच्या टोकाशी उष्णता निर्माण करून जागीच जाळावी, यावर तज्ज्ञांचा वाद गेली वीस वर्षे चालू आहे. वाद पोकळ नाही. चीनमधील २००६ च्या चाचणीत दोन्ही मार्ग तुल्यबळ ठरले. तेथीलच २०१० च्या दुसऱ्या चाचणीत शस्त्रक्रिया सरस ठरली. पुढे जपानमध्ये तीन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींबाबत लक्षणीय फरक आढळला नाही. दोन सेंटिमीटरहून लहान गाठीला बहुधा सुई पुरते. गाठ मोठी असेल, मोठ्या रक्तवाहिनीला लगटलेली असेल आणि उरलेले यकृत धड असेल, तर शस्त्रक्रियेचे पारडे जड होते. सिऱ्होसिसने यकृत निबर झालेल्या रुग्णाच्या मात्र ती जिवावर बेतू शकते. सुईला पोट उघडावे लागत नाही, माणूस लवकर कामावर परततो. हातावर पोट असणाऱ्याला ही गोष्ट क्षुल्लक नव्हे.

‘निवड रुग्णाने करावी’ असे यावर मोठ्या उदारपणे सांगितले जाते. पूर्णाकाठच्या जाफराबाद तालुक्यातील शेतमजुराने ती कधी करावी? दोन सेंटिमीटरची गाठ दुखत नाही. ती सापडते हिपॅटायटिस बी किंवा सिऱ्होसिस असलेल्यांची दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी झाली तरच. पोटात पाणी साठून, डोळे पिवळे पडून माणूस शहर गाठतो, तेव्हा बहुधा दोन्ही वाटा बंद झालेल्या असतात.

शासनाने काहीच केले नाही, असे आम्ही म्हणणार नाही. २०१८ मध्ये राष्ट्रीय हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम आला. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले, २०२४ मध्ये जालन्याला वैद्यकीय महाविद्यालय मिळाले. महात्मा फुले जनआरोग्य योजनेची मर्यादा दीड लाखावरून पाच लाखांवर गेली. पण योजनेचा पैसा हलतो तो माणूस खाटेवर पडल्यावर! शस्त्रक्रियेला लाखाची तरतूद आणि तिची वेळ लवकर कळावी म्हणून करायच्या तपासणीला मजुराची बुडालेली रोजी व एस.टी.चे भाडे, हा हिशेब कोणत्या वर्गाच्या सोयीचा आहे?

म्हणून मागणी नेमकी असावी. तालुक्यातील हिपॅटायटिस बी, सी व सिऱ्होसिसच्या रुग्णांची यादी गोपनीयता राखून ठेवावी, त्यांना सहा महिन्यांनी बोलावणे धाडावे, तपासणी जाफराबादेतच व्हावी. गाठ आढळल्यास शल्यचिकित्सक आणि सुईचे उपचार करणारे तज्ज्ञ यांनी एकत्र बसून मत द्यावे. एकट्या कात्रीवाल्याला विचारले तर तो कात्रीच सुचवणार, आणि खाजगी इस्पितळात तर बिलही सल्ला देते. उपचारानंतरही ही यादी मिटत नाही, कारण दोन्ही मार्गांनी गेलेल्यांत गाठ पुन्हा उद्भवू शकते. या कामाला नवी इमारत लागत नाही. सोनोग्राफीचे यंत्र, ते वाचणारा डॉक्टर आणि ठरलेला एक वार, एवढे आधी द्या.