आईने किती वर्षं व्हरांड्यात बसायचं?

"आम्ही शिक्षक आहोत, डॉक्टर नाही." टाइप १ मधुमेह असलेल्या मुलाचा विषय निघाला की हे वाक्य ठरलेलं. मी ३६ वर्षं खडू हातात धरला, पण मला ते पटत नाही.

अहो, जंतनाशक गोळी शाळेत कोण देतं? लोहाची गोळी समोर उभं राहून कोण गिळायला लावतं? निवडणूक, जनगणना, मतदार याद्या... तेव्हा कोणी म्हणतं का, आम्ही कारकून नाही? (म्हणतात. पण करतात!)

या मुलांना इन्सुलिन बाहेरून घ्यावंच लागतं, बहुतेकांना दिवसातून तीन-चार वेळा. त्यातलं एक नेमकं मधल्या सुट्टीत येतं. आमच्या भागातल्या एका शाळेत दुसरीतल्या मुलीची आई त्यासाठी रोज व्हरांड्यात येऊन बसते. खुरपणीचा रोज बुडतो. कारण काय, तर "सुई शाळेत नको".

राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने मार्च २०२३ मध्ये राज्यांना कळवलं, की या मुलांना वर्गात आणि परीक्षेतही साखर तपासायला, इन्सुलिन घ्यायला, मध्येच खायला परवानगी द्या. सीबीएसईने तर २०१७ मध्येच परीक्षेला साखरेच्या गोळ्या आणि फळं न्यायची मुभा दिली होती. छानच. पण माझं भांडण 'परवानगी' या शब्दाशीच आहे. दहावीच्या मुलाला परवानगी पुरते. सात वर्षांच्या मुलीला मोठ्या माणसाचा हात लागतो. ग्लुकोमीटरवर ६० आलं तर घाबरायचं की नाही, हे तिला कोण सांगणार?

शिकायचं तरी किती? किती युनिट ते डॉक्टर लिहून देतात. घाम, थरथर, चिडचिड, गुंगी दिसली की तपासायचं. साखर उतरली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना. सोनईत अख्खा साखर कारखाना आहे हो, आणि वर्गाच्या कपाटात साखरेची डबी नसावी?

"काही झालं तर जबाबदार कोण?" ही भीती मात्र खोटी नाही. निलंबन आधी शिक्षकाचंच होतं. म्हणून दर जूनमध्ये एक कागद व्हावा: दोन शिक्षकांची नावं, डॉक्टरांची चिठ्ठी, पालकांची सही, आणि लिहिल्याप्रमाणे वागणाऱ्यावर कारवाई होणार नाही, ही ओळ. दोनच का? एक रजेवर असतो!

आपल्या नात्यातले चौघे अजून नोकरीत आहेत. तुमच्या शाळेत असं मूल असेल तर मला फोन करा. कागदाचा मसुदा मी तयार ठेवला आहे.